क्रूझ क्रेडिटची मुदत संपण्याआधी : नागपूरच्या एका कुटुंबाचं प्रकरण

जहाजाची सफर रद्द झाली की कंपनी पैशांऐवजी पुढच्या सफरीसाठी क्रेडिट देऊ करते. २०२० च्या मार्चनंतर अनेक क्रूझ कंपन्यांनी भाड्याच्या सव्वापट क्रेडिट देऊ केलं आणि ही पद्धत लोकांच्या ओळखीची झाली. असं क्रेडिट नागपुरातल्या एका कुटुंबाकडे होतं. ते वापरताना कुठे काय ठरवावं लागलं, त्याची ही नोंद आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कंपनी आणि एजंट यांची नावं दिलेली नाहीत. रुपयांतला हिशेब सोपा राहावा म्हणून एक सिंगापूर डॉलर म्हणजे ६५ रुपये असा धरला आहे.

पार्श्वभूमी

प्रवासी चार : प्रताप नगरातले निवृत्त आजोबा, आजी, बँकेत नोकरी करणारी त्यांची मुलगी आणि तिचा मुलगा. जावई चंद्रपूरला नोकरीला, रजा मिळत नाही म्हणून बुकिंगमध्ये नव्हते. सिंगापूर–पेनांग–फुकेत–सिंगापूर अशी चार रात्रींची सफर सीताबर्डीतल्या एका एजंटामार्फत घेतली होती. केबिन दोन, एकीत आजी-आजोबा आणि दुसरीत मायलेक. दोन्ही केबिनचे बुकिंग क्रमांक वेगळे होते. ही बाब तेव्हा कुणाच्या लक्षातही आली नव्हती, पण पुढे तिचं महत्त्व फार वाढलं.

माणशी भाडं ६४० डॉलर, बंदरशुल्क व कर १३०, जहाजावरच्या कर्मचाऱ्यांचं सेवाशुल्क ८०. एकूण ८५०, म्हणजे चौघांचे ३,४००.

निघायला सहा आठवडे उरले असताना जहाजाच्या दुरुस्तीचं कारण देऊन कंपनीने सफर रद्द केली. बंदरशुल्क, कर आणि सेवाशुल्क हा खर्च झालेलाच नसल्याने ते ८४० डॉलर रोख परत आले. उरलेल्या भाड्यासाठी दोन पर्याय होते : २,५६० डॉलर परत घ्यायचे, किंवा सव्वापट म्हणजे ३,२०० डॉलरचं क्रेडिट. २१ दिवसांत उत्तर आलं नाही तर क्रेडिट, अशी अट होती. एजंटाने फोनवर सांगितलं, "सव्वापट मिळतंय, सोडू नका." लेखी काही झालं नाही, पण क्रेडिट घेतलं गेलं. परतावा दिला की बहुधा एजंटाचं कमिशनही जातं, त्यामुळे त्याचा सल्ला तटस्थ नसतो, हे इथे नोंदवायला हवं.

अडचण

वर्षभराने, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलीने चौकशी सुरू केली, तेव्हा एजंटाचं ऑफिस बंद झालं होतं आणि फोन लागत नव्हता. क्रेडिटचे ईमेल कंपनीने एजंटाच्याच पत्त्यावर पाठवले होते. कुटुंबाकडे होती फक्त व्हॉट्सॲपवर आलेली जुन्या बुकिंगची पीडीएफ.

कंपनीच्या कॉल सेंटरचं पहिलं उत्तर नेहमीचंच होतं : तुमचं बुकिंग एजंटाकडचं आहे, त्याच्याशी बोला. इथे बरेच लोक थांबतात. मुलीने फोन सोडून ईमेल केला. सोबत जुन्या बुकिंगचे दोन्ही क्रमांक, चौघांच्या पासपोर्टची पहिली पानं आणि एजंटाला पैसे दिल्याचा बँकेचा उतारा जोडला. एजंट व्यवसायात नाही, म्हणून ही क्रेडिटं थेट प्रवाशांच्या ताब्यात द्यावीत, अशी मागणी केली. शिवाय सहा गोष्टी लेखी विचारल्या : प्रत्येक क्रेडिटचा क्रमांक, रक्कम व चलन, कशासाठी चालतं, बुकिंगची मुदत, प्रवासाची मुदत, आणि उरलेल्या रकमेचं काय होतं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. त्यातून कळलेली वस्तुस्थिती अशी :

• क्रेडिट एक नसून चार आहेत, प्रत्येकी ८०० डॉलर, ज्याच्या त्याच्या नावावर. एकाचं दुसऱ्याला चालत नाही, एकत्रही करता येत नाही.
• ते फक्त भाड्यात वळतं होतं. बंदरशुल्क, कर, सेवाशुल्क रोख भरायचे.
• बुकिंग ३१ जानेवारीपर्यंत, जहाज सुटण्याची तारीख ३१ मेपर्यंत.
• एकदाच वापरायचं. उरेल ते बुडालं.
• क्रेडिट लावून केलेलं बुकिंग रद्द केलं तर क्रेडिट परत मिळतं, पण जुन्याच मुदतीसह.

शेवटची अट नीट वाचायला हवी. ३० जानेवारीला बुकिंग करून ५ फेब्रुवारीला रद्द केलं, तर परत आलेल्या क्रेडिटची बुकिंगची मुदत आधीच उलटलेली असते. कागदावर क्रेडिट असतं, वापरता मात्र येत नाही.

पहिला निर्णय : भांडायचं की वापरायचं

घरात पहिला सूर होता तो ग्राहक आयोगाकडे जाऊन रोख पैसे मागण्याचा. तो चुकीचा नव्हता. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे नागपुरातच, तक्रार करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करता येते. लेखी संमतीशिवाय एजंटाने क्रेडिट स्वीकारलं, हा मुद्दाही मांडण्यासारखा होता.

पण तक्रार केल्याने क्रेडिटची मुदत थांबत नाही. निकाल येईपर्यंत ३१ मे केव्हाच उलटून गेला असता. म्हणून कागद जपून ठेवायचे, दोन वर्षांची तारीख कॅलेंडरवर लिहायची आणि आधी क्रेडिट वापरायच्या मागे लागायचं, असं ठरलं. आमच्या मते हे बरोबर होतं.

दुसरा निर्णय : कोणती तारीख

मुलगा राज्य मंडळाच्या दहावीत होता, म्हणजे मार्चच्या मध्यापर्यंत परीक्षा. त्यानंतर मुदतीत बसणाऱ्या सफरी पाहिल्या तर चार तारखा उरत होत्या : मार्चअखेर, २० एप्रिल, ११ मे आणि २५ मे.

मार्चअखेरची सफर गुड फ्रायडेच्या जोडसुट्टीला लागून असल्यामुळे महाग होती. २५ मेची तारीख विदर्भातल्या माणसाला साहजिक वाटते. इथल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, तेव्हा सुट्टी भरपूर शिल्लक असते. पण सिंगापूरच्या शाळांची मोठी सुट्टी मेअखेरीस सुरू होऊन जवळपास जूनभर चालते. जहाज तिथून सुटतं, त्यामुळे भाडं तिथल्या सुट्टीप्रमाणे चढतं. शिवाय २५ मे ही मुदतीतली शेवटची सफर. ती हुकली किंवा कंपनीनेच पुन्हा रद्द केली तर मागे काहीच उरत नाही. निकाल आणि अकरावीच्या प्रवेशाची धावपळही त्याच सुमारास.

२० एप्रिल निवडली. काही बिघडलंच तर मुदतीच्या आत ११ मेची सफर हाताशी राहत होती. क्रेडिट वापरताना शेवटची नव्हे, शेवटून दुसरी किंवा तिसरी सफर घ्यावी.

अंतिम भरणा जहाज सुटण्याच्या ७५ दिवस आधी, म्हणजे ४ फेब्रुवारीला होता. तोपर्यंत रद्द केल्यास दंड नव्हता. म्हणून बुकिंग जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात केलं, म्हणजे विचार बदलायला महिनाभर मिळाला. कॅलेंडरवर ३१ मे लिहून निवांत बसलेल्या माणसाला ही ४ फेब्रुवारी दिसतच नाही.

तिसरा निर्णय : कोणती केबिन

काटकसरीची सवय इथे उलटी पडते. त्या सफरीचं माणशी भाडं असं होतं : आतली केबिन ५२०, खिडकीची ६१०, बाल्कनीची ७८०, स्वीट १,१५०. कर, बंदरशुल्क आणि सेवाशुल्क मिळून माणशी २२०, कोणत्याही केबिनला तेवढेच.

आतली केबिन घेतली असती तर प्रत्येकाचे २८० डॉलर क्रेडिट बुडालं असतं आणि खिशातून २२० गेले असते. बाल्कनी घेतली तर २० बुडतात आणि खिशातून जातात तेच २२०. स्वीटला मात्र माणशी ३५० जास्त रोख. म्हणजे क्रेडिटच्या रकमेच्या अगदी खालची केबिन घ्यायची, सगळ्यात स्वस्त नव्हे.

चौघांनी एकाच मोठ्या केबिनमध्ये राहावं, असंही सुचवलं गेलं. तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं फक्त २९० होतं. रोखीच्या बुकिंगला हा पर्याय उत्तम, पण इथे त्या दोघांचे प्रत्येकी ५१० डॉलर वाया गेले असते. म्हणून बाल्कनीच्या दोन केबिन, दोन वेगळे बुकिंग क्रमांक, एकमेकांना जोडलेले.

बुकिंग करताना दोन अडथळे आले. वेबसाइटवर क्रेडिट क्रमांक टाकायला जागाच नव्हती, आणि आता कार्डने पूर्ण रक्कम भरा, क्रेडिट नंतर वळतं करू, असं पहिल्या प्रतिनिधीने सुचवलं. असं कधी करू नये. एकदा पूर्ण भरणा झाला की क्रेडिट लावायला शिल्लक रक्कमच राहत नाही. मुलीने क्रेडिट लागलेलं इन्व्हॉइस ईमेलवर आल्याशिवाय कार्ड वापरलं नाही. दुसरा अडथळा नावांचा. क्रेडिटवर आजींचं नाव आणि आडनाव एवढंच होतं, पासपोर्टवर मात्र मधलं नावही. संगणकाला ही माणसं वेगळी वाटली. पासपोर्टची प्रत पाठवून नावं हाताने जुळवून घ्यावी लागली, त्यात चार दिवस गेले. ३० जानेवारीला बसलं असतं तर हे चार दिवस नव्हते.

चौघांचे ३,१२० डॉलर क्रेडिटमधून वळते झाले, ८८० रोख भरले, म्हणजे ५७,२०० रुपये.

पासपोर्टची गोष्ट

मुलाचा पासपोर्ट तो दहा वर्षांचा असताना काढलेला, म्हणजे पाच वर्षांचा. ऑगस्टमध्ये संपत होता. जहाजावर आणि सिंगापूरला प्रवासाच्या वेळी सहा महिन्यांची वैधता लागते. एप्रिलमध्ये ती चारच महिने उरत होती. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असल्याने घरातल्या मुलाचा तपासायचं राहून जातं. १५ ते १८ वयोगटात दहा वर्षांचा किंवा १८ पूर्ण होईपर्यंतचा, असे दोन्ही पर्याय असतात. आई-वडील दोघांच्या सहीचं ॲनेक्शर-डी, म्हणजे अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टसाठीचं घोषणापत्र लागलं; वडील चंद्रपूरहून एका शनिवारी येऊन सही करून गेले. सराव परीक्षांच्या आधी, जानेवारीतच अर्ज झाल्याने तत्काळचे २,००० रुपये वाचले. मूल एकाच पालकासोबत जाणार म्हणून वडिलांचं नोटरी केलेलं संमतीपत्रही तेव्हाच करून ठेवलं.

चौथा निर्णय : आजोबांची अँजिओप्लास्टी

२२ जानेवारीला आजोबांच्या छातीत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी अँजिओप्लास्टी झाली. बुकिंगच्या मुदतीला नऊ दिवस आणि अंतिम भरण्याला तेरा दिवस होते.

कुणी म्हणालं, जावयांना आजोबांच्या जागी घालू. नाव बदलता येत होतं, पण आजोबांचं क्रेडिट जावयांना लागू होत नव्हतं, म्हणजे १,००० डॉलर रोख. आजी एकट्या त्या केबिनमध्ये गेल्या असत्या तर एकट्याला दुप्पट, म्हणजे १,५६० भाडं पडलं असतं आणि क्रेडिट फक्त ८०० चं. तिघांना एका केबिनमध्ये बसवलं तर मुलाचे ५१० बुडत होते. पण या सगळ्या हिशेबाआधी आजींनीच विषय संपवला : "ह्यांना घरी टाकून मी समुद्रावर काय करू?"

मग मायलेकांची केबिन तशीच ठेवायची आणि आजी-आजोबांच्या केबिनसाठी मुदतवाढ मागायची, असं ठरलं. क्रमांक वेगळे असल्याने एकाला हात लावताना दुसऱ्याला धक्का लागत नव्हता. चौघं एकाच क्रमांकावर असते तर बदल करताना सगळ्यांचं भाडं नव्याने लागण्याची भीती होती.

इथे क्रम महत्त्वाचा होता. आधी रद्द आणि मग विनंती केली असती तर हातात मुदत संपलेलं क्रेडिट घेऊन विनवणी करावी लागली असती. बुकिंग चालू असतानाच, २४ जानेवारीला विनंती गेली. सोबतच्या डॉक्टरांच्या पत्रात "विश्रांतीचा सल्ला दिला आहे" एवढंच होतं; कंपनीने ते परत पाठवलं. दुसरं पत्र इंग्रजीत, लेटरहेडवर, डॉक्टरांच्या नोंदणी क्रमांकासह, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत प्रवासास अयोग्य असं स्पष्ट लिहून घेतलं. डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडली.

३० जानेवारीला उत्तर आलं. हस्तांतर नाही. मुदतवाढ एकदाच : बुकिंग ३१ जुलैपर्यंत, प्रवास ३१ डिसेंबरपर्यंत. मात्र मूळ भाड्यावर जादा दिलेले २५ टक्के काढून घेतले, म्हणजे प्रत्येकी ८०० चे ६४० झाले. हे लेखी हाती आल्यावर २ फेब्रुवारीला ती केबिन रद्द केली. दोघांचे रोख भरलेले ४४० डॉलर कार्डावर परत आले.

विमानाची तिकिटं ४ फेब्रुवारीनंतरच काढायची, असं आधीच ठरलं होतं, त्यामुळे त्यात काहीच अडकलं नाही. नागपूरहून सिंगापूरला थेट विमान नाही. माणशी साधारण ३६,००० रुपये त्यातच जातात, आणि बदलता न येणारी तिकिटं हातात असती तर या आठवड्यातला निर्णय फार वेगळा झाला असता.

काय झालं

मायलेक २० एप्रिलच्या सफरीला गेले. मुंबईमार्गे एकाच पीएनआरवर तिकीट आणि एक दिवस आधी पोहोचणं, एवढी काळजी घेतली. सिंगापूरला दोन क्रूझ टर्मिनल आहेत, मरिना बे आणि हार्बरफ्रंट. टॅक्सीवाल्याला नुसतं "क्रूझ सेंटर" सांगून भागत नाही. व्हिसा मार्चअखेरीस अधिकृत एजंटामार्फत, नव्या पासपोर्टवर काढला. जहाज पेनांग-फुकेत करून पुन्हा सिंगापूरलाच येतं, म्हणून व्हिसावर एकाहून अधिक प्रवेश आहेत ना हे पाहून घेतलं.

आजी-आजोबांच्या १,२८० डॉलरचा विचार जुलैमध्ये झाला. डॉक्टरांनी अटींसह परवानगी दिली होती. पण ८३,२०० रुपयांचं क्रेडिट वापरायला विमान, व्हिसा, हॉटेल, कर-बंदरशुल्क आणि हृदयविकार जाहीर करून घेतलेला प्रवास विमा मिळून सव्वा लाखाच्या वर रोख लागत होती. प्रश्न असा विचारला गेला : हे क्रेडिट नसतं तर यंदा जहाजावर जायचं मनात आलं असतं का? आजोबांनी नाही म्हटलं. ३१ जुलैला ती दोन क्रेडिटं संपली. मुदत संपू देणं हा इथे हलगर्जीपणा नव्हता, विचार करून घेतलेला निर्णय होता, आणि तो योग्यच होता.

हिशेब आणि वेगळं काय करता आलं असतं

कागदावर ३,२०० डॉलर मिळाले होते. प्रत्यक्षात वापरले गेले १,५६०, म्हणजे १,०१,४०० रुपये. सुरुवातीला परतावा घेतला असता तर २,५६० डॉलर, म्हणजे १,६६,४०० रुपये हातात आले असते. त्यातून मायलेकांचं तेच भाडं भरूनही ६५,००० उरले असते. डिसेंबरनंतरचे जवळजवळ सगळे निर्णय नीट घेतले गेले, तरी हा फरक भरून निघाला नाही. तो पहिल्या २१ दिवसांत, फोनवरच्या एका वाक्यात ठरला होता.

सव्वापटीतला वरचा पाव भाग चौघंही ठरलेल्या वेळेत गेले तरच खरा ठरतो. शिवाय मधल्या काळात कंपनी टिकेल, हेही गृहीत धरावं लागतं. २०२२ मध्ये गेंटिंग हाँगकाँग ही कंपनी अवसायनात गेली, म्हणजे गुंडाळली गेली, आणि तिची ड्रीम क्रूझेस ही जहाजसेवा बंद पडली. अशा वेळी क्रेडिट असलेला ग्राहक इतर घेणेकऱ्यांच्या रांगेत उभा असतो.

परतावा की क्रेडिट हे कंपनी प्रत्येक बुकिंग क्रमांकासाठी वेगळं विचारत होती. आजी-आजोबांच्या केबिनचे १,२८० डॉलर रोख घेऊन मायलेकांच्या केबिनचं तेवढं क्रेडिट घेता आलं असतं. वय जास्त, तब्येतीचा भरवसा कमी, त्या केबिनचे पैसे परत. शाळेच्या सुट्टीत कधीतरी नक्की जाणाऱ्या दोघांचं क्रेडिट. हा पर्याय एजंटाने सांगितला नाही आणि घरात कुणी विचारला नाही. निवड लेखी कळवून ईमेलच्या प्रतीत स्वतःचा पत्ता घातला असता, तर वर्षभर दुसऱ्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहिलेली ती चार पत्रंही वेळेत हाती आली असती. एजंटाविरुद्ध १९१५ वर नोंद केली आहे; आयोगात जायचं की नाही, हे दोन वर्षांची मुदत भरण्याच्या आत ठरवायचं आहे.